वाळूतील उत्खनन आणि कोंडाण्याचा बलक

उन्हाळ्याच्या सुटीत संग्रहालयांतून मुलांसाठी प्रागैतिहास व पुरातत्त्व यांच्या कार्यशाळा भरविल्या जातात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने तर 2019 साली मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालयच उघडले. हे स्वागतार्ह आहे. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे. या आणि पाहा. काचेच्या कपाटाबाहेरून वाचलेली चिठ्ठी आणि हाती घेतलेले दगडी हत्यार यांत हाच भेद असतो.

तथापि, अशाच एका कार्यशाळेला मांजर्लीहून विहारातील मुलांना घेऊन गेलो असता एक गोष्ट खटकली. वाळूच्या हौदात खापरे, मणी व बनावट नाणी पुरून ठेवली होती. मुलांनी ती भराभर उपसली. ज्याला अधिक वस्तू सापडल्या त्याला टाळ्या मिळाल्या. कोणती वस्तू किती खोल, कशाच्या शेजारी होती, हे कोणी टिपले नाही. हे गुप्तधन शोधणे झाले, पुरातत्त्व नव्हे. वस्तू जागेवरून उचलली की तिची जागा हा पुरावा नष्ट होतो. तो फक्त नोंदवहीत उरतो.

डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात घोड नदीकाठी इनामगाव येथे उत्खनन केले. तेथे घरांच्या जमिनीखाली, तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली बालके सापडली. ते कुंभ नुसते उपसून कपाटात मांडले असते, तर ती केवळ भांडी ठरली असती. मृत मुलाला घरातच ठेवणारे आईबाप आपल्याला दिसतात ते त्या नोंदींमुळे.

आमच्या वाचकांनी तरी हे हलक्याने घेऊ नये. ‘येथे पूर्वी विहार होता’ असे आपण सभांतून सहज बोलून जातो. पुरावा विचारला की राग येतो. सोपाऱ्याचा स्तूप 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उघडला, तेव्हा करंडकाभोवती आठ मूर्ती बसविलेल्या होत्या, हे त्यांनी नोंदविले म्हणूनच आज निःशंकपणे सांगता येते.

बदलापूरच्या मुलांना त्यासाठी मुंबईच गाठावी लागते असे नाही. आपल्याच लोहमार्गावर कर्जत आहे आणि तेथून जवळ कोंडाणे लेणी. चैत्याच्या दर्शनी भागातील एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी लेख आहे: कण्हाचा अंतेवासी बलक याने ती घडविली. लेण्यांत दात्यांची नावे पुष्कळ, कारागिराचे क्वचित. अंतेवासी म्हणजे जवळ राहून शिकणारा. विनयात आचार्याच्या शिष्यास हाच शब्द आहे. हाताने शिकण्याची परंपरा आपल्याकडे परदेशातून आली, असे मानणाऱ्यांनी हा लेख अवश्य पाहावा.

मुलांच्या हाती मोजपट्टी व वही देऊन एक सकाळ त्या लेखासमोर बसविणे कोणत्याही विहाराला अवघड नाही. अक्षरे उतरविताना ती चुकतील. शिक्षकाने लगेच दुरुस्त करू नये. पावसाळ्यात वाट निसरडी असते, तेव्हा दिवाळीनंतरचा एखादा रविवार बरा.