वराहज्वराचे निदान आणि प्रयोगशाळांचे मूल्यमापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्रात वराहज्वराची नोंद नवी नाही. १९६२ साली सप्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इंडियन व्हेटरनरी जर्नल’मध्ये राज्यातील स्वाईन फीवरविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. तो क्लासिकल स्वाईन फीवर होय. पुढे २०२० साली अरुणाचल प्रदेश व आसाममध्ये आफ्रिकन स्वाईन फीवर भारतात प्रथमच आढळला. पहिल्या रोगाचा विषाणू आरएनए वर्गातील, तर दुसऱ्याचा डीएनए वर्गातील आहे. मात्र तीव्र ताप, त्वचेवरील लाल-जांभळे चट्टे आणि मोठ्या प्रमाणावरील मृत्यू ही लक्षणे दोहोंत सारखीच दिसतात. त्यामुळे निदानाचा अंतिम निर्णय प्रयोगशाळेकडे जातो. त्या प्रयोगशाळेची पारख कोणत्या निकषांवर व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रचलित पद्धती :
संदर्भ प्रयोगशाळा सांकेतिक क्रमांक दिलेले नमुने इतर प्रयोगशाळांकडे पाठविते व त्यांचे निष्कर्ष ताडून पाहते. युरोपीय संघात आफ्रिकन स्वाईन फीवरसाठी हे कार्य स्पेनमधील वाल्देओल्मोस येथील प्रयोगशाळा करीत आली आहे. रसायनांतील दोष, नमुन्यांची भेसळ, हाताळणीतील चुका यांमुळे उघड होतात. म्हणून या पद्धतीचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि तिच्या दोन मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे.

मर्यादा :
पहिली मर्यादा प्रमाणाची आहे. एखाद्या चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के व विशिष्टता ९८ टक्के आहे असे मानू. १०० नमुन्यांपैकी ५० बाधित असतील, तर तिचे सुमारे ९८ टक्के होकारार्थी अहवाल बरोबर ठरतील. आता १०,००० डुकरांपैकी १ टक्का बाधित असल्याचे मानू. येथे ९५ बाधित सापडतील, परंतु १९८ निरोगी जनावरेही बाधित ठरतील. म्हणजे तीनपैकी दोन होकारार्थी अहवाल चुकीचे. २०२० च्या राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार बाधित केंद्राभोवतीच्या १ किलोमीटर परिघातील डुकरे नष्ट केली जातात. म्हणून दुसऱ्या स्वतंत्र चाचणीने खातरजमा केल्याशिवाय एकट्या अहवालावर विसंबणे अन्यायकारक ठरते.

दुसरी मर्यादा अशी की, तुलना चाचणीत नमुना सुस्थितीत व आयता पोहोचतो. प्रत्यक्षात तो शीतसाखळीतून दूर न्यावा लागतो. २०२० साली डुकरांचे मृत्यू वर्षारंभीच सुरू झाले होते. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने केलेल्या निदानाची घोषणा आसामात मे महिन्यात झाली. पीसीआर चाचणीस मात्र काही तासच लागतात. विलंबाचे मूळ चाचणीच्या आधीच्या टप्प्यांत शोधावे लागते.

निष्कर्ष :
महाराष्ट्रात वराहपालनावर जगणाऱ्यांत वडार, कैकाडी अशा समाजांतील अल्पभूधारक वा भूमिहीन कुटुंबे आहेत. कळविल्यास डुकरे जाणार आणि भरपाईची शाश्वती नाही, अशी भीती असेल तर पशुपालक मृत्यू कळविणार नाही. आणि न पोहोचलेल्या नमुन्याचे निदान सर्वोत्तम प्रयोगशाळाही करू शकत नाही. यास्तव पुण्यातील औंधच्या पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेसारख्या संस्थांचे मूल्यमापन करताना तुलना चाचणीतील गुणांसोबत पहिल्या मृत्यूपासून अहवालापर्यंतचे दिवस, पोहोचलेल्या नमुन्याची स्थिती आणि खातरजमेची नोंद हे निकषही धरले जावेत. त्यांतील पहिल्या दोन निकषांचे उत्तरदायित्व एकट्या प्रयोगशाळेचे नसून संपूर्ण पशुवैद्यकीय यंत्रणेचे आहे.