येरवड्याचा दगडी चौक

पुण्यातले जुने विद्यापीठ म्हटले की गणेशखिंडीतला गव्हर्नरचा प्रासाद आठवतो. तो देखणा आहेच. पण पुन्हापुन्हा निरखावी अशी वास्तू मला वाटते ती नदीपलीकडच्या येरवड्यातली, डेक्कन कॉलेजची. हेही आता अभिमत विद्यापीठच आहे.

कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याने ती आखली. पायाभरणी १८६४ची, आणि १८६८ साली कॉलेज तिथे आले. खर्चात जमशेटजी जीजीभाई घराण्याच्या देणगीचा मोठा वाटा. घडण विलायती गॉथिक, दगड मात्र आपल्या सह्याद्रीचा. टोकदार कमानी, उंच उतरते छप्पर, एका कोपऱ्यात मनोरा आणि तीन अंगांनी वेढलेला चौक. भर उन्हातून आत यावे आणि कमानीखाली थांबावे. दगडावर टाकीचे घाव अजून दिसतात आणि कमानीच्या पोटात भिंतीची जाडी कळते. या पडवीत सावली दाट आहे, पाय आपोआप सावकाश पडतात. बसून वाचायला, उभ्याने वाद घालायला ही जागा किती सोयीची, हे नकाशावरून समजत नाही.

वाद घालणारेही तसेच भेटले. टिळक-आगरकरांची मैत्री इथली. शाळा काढायचे बेत इथेच रंगले आणि १८८०च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. टिळकांची खोली आजही जपली आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर इथे संस्कृत शिकवत. त्याही मागे जायचे तर कुळी थेट १८२१च्या विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत पोचते. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशावर ती सुरू झाली होती.

१९३४ साली सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, झगडले, आणि १७ ऑगस्ट १९३९ला पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून दारे पुन्हा उघडली. माझ्या लेखी हा या वास्तूच्या चरित्रातला सर्वांत उजळ प्रसंग. ह. धी. सांकळिया आणि इरावती कर्वे आले ते या दुसऱ्या जन्मात. एकाने जमिनीखालचा महाराष्ट्र खणून काढला, दुसरीने जमिनीवरची माणसे अभ्यासली.

पाहुणे टिळकांची खोली पाहून परततात. त्यांनी आणखी थोडे चालून संस्कृत महाकोशाच्या विभागात जावे. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली हे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या खणांत लावून ठेवल्या आहेत. हातभरही नसलेल्या त्या कागदावर शब्द, तो आला ते वाक्य आणि ग्रंथातला ठावठिकाणा. पहिला खंड १९७६ साली निघाला. तीसहून अधिक खंड झाले तरी मजल अजून ‘अ’मध्येच. लोक याला रखडणे म्हणतात. मला ते पटत नाही. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत एकेका शब्दाचा अर्थ कसकसा सरकत गेला, हे कालक्रमाने मांडायचे तर प्रत्येक चिठ्ठी कोणीतरी हातात घेऊन वाचावीच लागते. एक खण बाहेर ओढला की पिवळट कागदांवर निरनिराळी अक्षरे दिसतात: कुणाचे बारीक, कुणाचे ठसठशीत. लिहिणाऱ्यांतले कितीतरी आता हयात नाहीत, आणि संपादक आजही त्यांच्याच नोंदींवरून पुढचा शब्द लावत बसलेले असतात.