ओकोन्क्वोच्या आजोळची जट

कोल्हापुरात आफ्रिकन कथा-कादंबरीचा विषय निघाला की पहिलं नाव चिनुआ अचेबेचं येतं, दुसरं न्गुगी वा थिओंगोचं, आणि तिसऱ्यापाशी गप्पा अडखळतात. यात नवल नाही. ही पुस्तकं इथे पोहोचली ती दोन वाटांनी. एक वाट इंग्रजीच्या एम.ए.ची. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. अचेबे ज्या मालिकेचे सल्लागार संपादक होते ती हाइनमानची 'आफ्रिकन रायटर्स सिरीज'ही त्याच सालची. दुसरी वाट चळवळीची, आणि ती अमेरिकेला वळसा घालून येते. फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका, १९७२ ची दलित पँथर, जनार्दन वाघमाऱ्यांचा अमेरिकन निग्रो साहित्यावरचा अभ्यास. प्रत्यक्ष आफ्रिका त्यानंतर, बहुधा झेरॉक्समधून किंवा मोबाईलवर आलेल्या पीडीएफमधून.

दोन्ही वाटांनी आलेला वाचक एकच प्रश्न घेऊन येतो : गोऱ्यांशी कसे लढले? म्हणून 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) वाचताना त्याला लगेच 'फकिरा' (१९५९) आठवते. 'फकिरा'चं वाटेगाव इथून फार लांब नाही. पण अचेबेचा नायक ओकोन्क्वो हा फकिरा नव्हे. फकिरा सरकारपुढे हजर होतो तो ओलीस धरलेल्या आपल्या माणसांसाठी. ओकोन्क्वो सरकारी शिपायाचं मुंडकं उडवतो आणि बघतो तर गाव जागचं हललेलं नसतं. हा गडी बायकोवर हात उचलतो, आणि कुणी भेकड म्हणू नये म्हणून आपल्याला बाप म्हणणाऱ्या पोरावर शस्त्र चालवतो. चर्चेत हे सगळं 'त्या काळची रीत' म्हणून दोन वाक्यांत उरकलं जातं.

माझ्या मते या कादंबरीचं आपल्या जिल्ह्याशी खरं नातं अठराव्या प्रकरणात आहे. तिथे ओसू येतात. ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस; त्याची पोरंही देवाचीच. गावातल्या माणसाशी त्याने लग्न करायचं नाही, चारचौघांच्या सभेत बसायचं नाही, मेला तरी त्याला वाईट रानातच पुरायचं. केस लांब, गुंतलेले, मळलेले, आणि त्यांना वस्तरा लावायला बंदी. अशी दोन माणसं नव्या चर्चमध्ये शिरतात तेव्हा नुकतेच बाटलेले गाववालेच कुरकुरतात. धर्मोपदेशक कियागा त्यांना सांगतो, आधी हे केस काढा. केस काढले तर आपण मरू, अशी त्यांना धास्ती. केस उतरतात, मरत कुणीच नाही.

गडहिंग्लजच्या बाजूला यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या बाया आणि त्यांच्या डोक्यातली जट ज्याने पाहिली, त्याला याहून वेगळं काय सांगायचं? राजन गवसांची 'चौंडकं' ही कादंबरी आणि हे प्रकरण शेजारी ठेवून वाचावं. दोन्हीकडे देवाच्या नावाने माणूस गावाबाहेर काढला जातो, आणि तो काढणारा गोरा साहेब नसतो. वसाहतवादाविरुद्धचं पुस्तक म्हणून अचेबे हातोहात फिरतो. गावाने आपल्याच माणसांचं काय केलं हे सांगणारा अचेबे मात्र फारसा फिरत नाही.

न्गुगीचं तर आपण घोषवाक्यच करून टाकलं. मे २०२५ मध्ये ते वारले, तेव्हा 'इंग्रजी सोडून मातृभाषेत लिहिणारा लेखक' एवढीच ओळख पुढे आली. ते तुरुंगात गेले ते कामिरीथू गावाच्या शेतकरी-कामगारांबरोबर १९७७ साली गिकुयूत नाटक केलं म्हणून. त्या नाटकात सत्तेला बोचला तो जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न. पुढची कादंबरी त्यांनी कोठडीत टॉयलेट पेपरवर लिहिली. आपला देशीवाद त्यांचं नाव घेतो, पण मजुरीचा मुद्दा गाळतो. शिवाय इंग्रजी की मराठी हा मराठी कादंबरीकारापुढचा पेच कधी नव्हताच. त्याचा पेच प्रमाणभाषा की बोली हा होता, आणि कागलच्या आनंद यादवांनी १९७१ च्या 'गोतावळा'त सालगड्याच्या तोंडून अख्खी कादंबरी वदवून त्यात ठाम बाजू घेतली. न्गुगीशी तुलना करायची तर इथून सुरुवात व्हावी.

कवितेची अवस्था याहून वाईट. सेंगॉरचं नाव आणि 'नेग्रिट्यूड' हा शब्द सगळ्यांना ठाऊक. कविता वाचलेली माणसं थोडी. त्यातल्या त्यात युगांडाच्या ओकोट प'बिटेकचं 'साँग ऑफ लाविनो' (१९६६) आवडीने ऐकवलं जातं, आणि ते ऐकवण्याजोगंच आहे; मुळात ते अचोली गाण्याच्या वळणावर बांधलेलं आहे. शिकून आलेल्या नवऱ्याने टाकलेली लाविनो त्याच्या नव्या बाईच्या रंगवलेल्या ओठांची आणि घड्याळाच्या तालावर चालणाऱ्या घराची अशी सालं काढते, की शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या या गावात तिला हमखास टाळ्या पडतात. पण १९७० मध्ये ओकोटने नवऱ्याचंही गाणं लिहिलं. हा नवरा, ओकोल, आपल्या मातीचा, आपल्या काळेपणाचा तिरस्कार करतो, जुनी गावं मोडून टाकायची भाषा करतो. ऐकताना अंगावर येतं. सवाल-जवाबाची परंपरा मिरवणाऱ्या गावात लाविनोचा सवालच तेवढा रंगतो, ओकोलचा जवाब कुणी वाचायला घेत नाही. जे पुढारी आणि अधिकारी पुढे राज्य करायला बसले, त्यांचा आवाज त्या जवाबातच आहे.