मडकं कच्चं की पक्कं?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे गोरोबा काकांचं गाव. संतांच्या मेळ्यात काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. फ्यूजन ऐकताना मला त्या थापटण्याची आठवण येते.

'अभंग रिपोस्ट' हा मुंबईचा बँड अभंगांना फंक, रेगे, रॉकची जोड देतो. 'देवाच्या गाण्याला गिटार कशाला?' हा आक्षेप मला पोकळ वाटतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत जेम्स ब्राऊनने फंक घडवलं, ते तालावर उभं आहे. बेस आणि ड्रम एकच छोटी लय फिरवत राहतात, जोर पहिल्या मात्रेवर. भजनातही धृपद फिरून फिरून येतं, टाळ-पखवाज थांबत नाहीत आणि ऐकणारा आपोआप डोलायला लागतो. म्हणून अभंगात बेस उपरा वाटत नाही.

खरी परीक्षा शेवटच्या चरणात असते. तिथे कवीचं नाव येतं, नाममुद्रा. तुर्कस्तानातले आशिक, म्हणजे साझ वाजवत गाणारे लोककवी, हेही शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात. त्याच साझच्या घराण्यातली बाग्लामा घेऊन जर्मनीची देर्या यिल्दिरिम गाते. तिच्या ग्रुप शिमशेकचा 'यारिन योक्सा' हा २०२५चा अल्बम लिऑन मायकल्स या अमेरिकन सोल-फंकवाल्या निर्मात्याने केला. त्यात ड्रम-बेस दमदार आहेत, तरी शब्दांच्या वाटेत येत नाहीत.

आपल्याकडच्या बऱ्याच फ्यूजनमध्ये मात्र धृपदाचा हुक होतो, मधले चरण गळतात आणि नाममुद्रेच्या जागी गिटारचा सोलो वाजतो. धृपदात म्हणणं असतं, चरणांत त्याचा पुरावा. पुरावा गेला की उरते नुसती घोषणा. ३० सेकंदांच्या रीलला तेवढं पुरतं. पण गोरा कुंभार, नामा शिंपी, दळण दळणारी जनी, गावकुसाबाहेरचा चोखा यांनी ज्या काळात स्वतःचं नाव ओवीत घातलं, त्या काळात ते साधं काम नव्हतं. ते नाव गाळणं ही काटछाट नाही, पुसून टाकणं आहे.

'रिपोस्ट' हा शब्द मला म्हणूनच आवडतो. मूळ पोस्ट दुसऱ्याची आहे, हे त्यात आधीच कबूल केलेलं असतं. मग पोस्ट करणाऱ्याचं नावही राहिलं पाहिजे. पुढच्या वेळी असं गाणं लावाल, तेव्हा शेवटच्या चरणापर्यंत थांबा. थापटणं तिथे मारून बघा.