वणवा आणि आमचे वनवर्णन

वणव्यास ‘निसर्गाचा कोप’ म्हणण्याचा आमच्या ललित लेखनातील प्रघात मोहक खरा, पण यथार्थ नव्हे. यवतमाळच्या सागवनात मोहफुले वेचण्याकरिता कोणी पाला पेटवितो. ती आग बहुधा जमिनीलगतच सरपटते. परंतु शोभेसाठी अमेरिकेतून आणलेली घाणेरी जेथे माजली, तेथे तिच्या वाळक्या जाळीची शिडी करून ती शेंड्यांस भिडू शकते. पोर्तुगालात ऑस्ट्रेलियाहून नेलेल्या निलगिरीच्या तेलकट पानांनी व सुटणाऱ्या सालींनी वणव्यांस असेच बळ दिले आहे. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसे दगावली. तेव्हा हिरवळीची सरसकट स्तुती करणारे वर्णन आम्हांस अपुरे वाटते. मराठीत झाडही ‘लावतात’, आगही ‘लावतात’. लेखकाने दोन्ही हात पाहावेत.