ज्यूनिपरच्या घरातले शिक्षण : मोनिका फर्लाँग यांची ‘वाइज चाइल्ड’

इंग्रजीत ‘वाइज वुमन’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. शब्दशः अर्थ ‘शहाणी बाई’. परंतु खेड्यातील बोलण्यात तो औषधपाणी जाणणाऱ्या, अडल्या-नडल्याला उपयोगी पडणाऱ्या बाईसाठी वापरला जात असे. अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आपल्याकडे आलेला ‘हकीम’ हा शब्द याच्या अगदी जवळचा आहे. हिकमत म्हणजे शहाणपण, आणि ज्याच्यापाशी ते आहे तोच रोग बरा करणारा. (मराठीने हिकमतीचा अर्थ ‘युक्ती’पर्यंत खाली आणला, ही गोष्ट वेगळी.) फरक इतकाच की ‘हकीम’ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे दाढी आणि नाडीवर ठेवलेली बोटे येतात, बाई येत नाही. ‘हकीमीणबाई’ म्हटले तर ऐकणारा हकीमसाहेबांच्या घरातील माणूस असेच समजतो. मोनिका फर्लाँग यांची मुलांसाठी लिहिलेली ‘वाइज चाइल्ड’ ही अद्भुतरम्य कादंबरी वाचताना ही उणीव मला प्रथम जाणवली.

कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. तिचा परिसर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मल्ल हे बेट, आणि काळ डालरिआडा या गेलिक राज्याचा, म्हणजे ख्रिस्ती धर्म तिथे नुकता रुजत होता तेव्हाचा. नऊ वर्षांची एक मुलगी आहे. बाप फिनबार समुद्रावर गेलेला, आई मेव्ह तिला टाकून गेलेली. आजी वारल्यावर या पोरीला कोणी ठेवून घ्यायचे हा प्रश्न गावापुढे येतो आणि गाव जिला चेटकीण म्हणून टाळते त्या ज्यूनिपरच्या घरी ती जाते. मुलीचे खरे नाव मार्गिट. पण वयाच्या मानाने मोठे शब्द बोलणाऱ्या मुलाला तिकडे ‘वाइज चाइल्ड’ म्हणत, तेच तिचे नाव होऊन बसते. मोठी झाल्यावर तीच ही हकीकत सांगते.

जादूची पुस्तके वाचणाऱ्या मुलांची इथे काहीशी निराशा होईल. पहिल्या भागात जादू जवळजवळ नाही, कामे आहेत. घर झाडणे, दूध काढणे, सूत आणि कापड, बागेतील वनस्पतींची ओळख, त्या कोणत्या दिवसांत खुडायच्या आणि कशा वाळवायच्या. मुलगी आजीच्या लाडाने आळशी झालेली आहे; ती कुरकुरते, रुसते. ज्यूनिपर तिच्यावर ओरडत नाही आणि कामातून सूटही देत नाही. माझ्या मते कादंबरीचा सर्वांत कसदार भाग हाच. आपल्यापैकी जे वर्गात शिकवतात त्यांना हा भाग वाचताना थोडे अवघडल्यासारखे होईल, कारण ज्यूनिपर धडा संपला असे कधी म्हणत नाही. उस्तादाच्या घरी राहून शिकणाऱ्या शागिर्दाला औषध कुटता कुटताच औषध कळत असे. पुस्तकातला नुस्खा पुढे केव्हातरी. त्या पद्धतीचे फायदे आपण भाषणांतून सांगतो, पण तिची सावकाश गती आपल्या वेळापत्रकाला परवडत नाही. फर्लाँग ही सावकाश गती कथेत उतरवतात. पानेच्या पाने काही ‘घडत’ नाही आणि तरी मुलगी बदलत असते. हे साधणे सोपे नाही.

ज्यूनिपरसारख्या स्त्रीला कादंबरीत ‘दोरान’ असे नाव आहे. लेखिका तो शब्द दाराच्या गेलिक शब्दाशी जोडते. दोरान म्हणजे आत जाण्याची वाट सापडलेले माणूस. भाषेच्या शिक्षकाला इथे थांबल्याशिवाय राहवत नाही. कारण गेलिक ‘दोरस’, फारसी ‘दर’, संस्कृत ‘द्वार’ आणि आपले ‘दार’ ही एकाच मुळाची भावंडे आहेत. याउलट ‘विच’साठी आपल्याकडे मिळणारे शब्द पाहा : चेटकीण, डाकीण, जादूगरनी. यांपैकी कोणताही वापरला की अनुवादक आपोआप गावकऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतो. मुलांच्या हाती हे पुस्तक देण्यास ज्यांचा जादूटोण्यामुळे आक्षेप असेल त्यांनी एवढे पाहावे, की स्वार्थासाठी जादू वापरते ती मेव्ह, आणि कादंबरीचा कल पूर्णपणे तिच्या विरुद्ध आहे.

गाव ज्यूनिपरला टाळते, पण औषध तिचेच घेते. दिवसा तोंड फिरवणारी माणसे अंधार पडल्यावर तिच्या दाराशी येतात. मुलगी हे पाहते, तिला राग येतो. ज्यूनिपरला येत नाही. या प्रसंगांमागे खरा इतिहास आहे. स्कॉटलंडच्या संसदेने १५६३ साली चेटूकविरोधी कायदा केला, त्यात चेटूक करणाऱ्याइतकाच त्याच्याकडे सल्ल्याला जाणाराही देहदंडास पात्र होता. कायदा १७३६ मध्ये रद्द झाला. या काळातील एक नाव पुन्हा पुन्हा सांगितले जाते ते अ‍ॅग्नेस सॅम्पसन हिचे. ती सुईण होती, औषध देत असे. लोक तिला कीथची ‘वाइज वाइफ’ म्हणत. डेन्मार्कहून परतणाऱ्या राजा सहाव्या जेम्सच्या जहाजांवर वादळ आणल्याचा आरोप तिच्यावर ठेवला गेला, खुद्द राजाने तिची चौकशी केली आणि १५९१ मध्ये एडिंबरो येथे तिला मारण्यात आले. ‘शहाणी’ हेच विशेषण सन्मानाचे आणि तेच आरोपाचे, हे तिच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. फर्लाँग यांनी तेच विशेषण एका पोरक्या मुलीला दिले आहे.

मात्र इथेच एक आक्षेप नोंदवावा लागतो. संत कोलंबा मल्लशेजारच्या आयोना बेटावर आले ते ५६३ साली. चेटूकविरोधी कायदा झाला तो त्यानंतर बरोबर एक हजार वर्षांनी. कादंबरीच्या शेवटी ज्यूनिपरवर भरला जाणारा खटला या हजार वर्षांवरून उडी मारून मागे आणलेला आहे. अद्भुतरम्य कथेला तेवढी मुभा असते हे मान्य. पण त्या खटल्यामागचे गृहीतही तपासले पाहिजे. औषध जाणणाऱ्या बायका आणि सुईणी यांनाच निवडून चेटकीण ठरवले गेले, हे मत १९७० नंतरच्या स्त्रीवादी लेखनातून फार लोकप्रिय झाले. एडिंबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडमधील ३,८०० हून अधिक आरोपींची नोंद जमवली आहे. त्यांत सुमारे ८४ टक्के स्त्रिया आहेत, परंतु औषधोपचाराचा उल्लेख फारच थोड्या प्रकरणांत सापडतो. म्हणजे अ‍ॅग्नेस सॅम्पसन ही नमुना नसून बव्हंशी अपवाद ठरते. स्कॉटलंडच्या त्या वेळच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ रोजी संसदेत या सर्वांची माफी मागितली, ती बहुतेक करून अशा बायकांची होती ज्यांच्या हाती कोणतीही विद्या नव्हती. हे कळल्यावर कादंबरीतील बळी फारच देखणा वाटू लागतो.

देवीच्या साथीबद्दल मात्र लेखिकेला दोष देता येत नाही. गावात देवी येतात आणि लोक त्याचे खापर ज्यूनिपरवर फोडतात. इतक्या जुन्या काळी उत्तर युरोपात देवी होत्या का, अशी शंका पूर्वी घेता आली असती; २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सहाव्या-सातव्या शतकापासूनच्या सांगाड्यांत त्या विषाणूचे अंश सापडले आहेत.

शेवटी फिनबारचे जहाज येते आणि दोघी सुटतात. आमच्या वर्गात मी हा भाग तोंडी मराठीत सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग त्या गावातल्या आजारी माणसांचं पुढं काय झालं?” मी उत्तर शोधत पुस्तक पुन्हा चाळले. तिथे उत्तर नाही. ज्या कादंबरीने इतका वेळ आपल्याला रोग्याच्या उशाशी बसायला शिकवले ती शेवटी रोग्यांना किनाऱ्यावर ठेवून निघून जाते. गावकरीही तोवर एकजात खुळा जमाव झालेले असतात. रात्री दाराशी येणारी, लाजणारी, दोन्हीकडून भिणारी माणसे कुठे गेली हे कळत नाही. मेव्हच्या चित्रणातही हेच होते. सुंदर, श्रीमंत, दुष्ट आई आणि साधी, कष्टाळू, चांगली पालक : ही वाटणी परीकथेतून जशीच्या तशी उचललेली आहे.

१९९० मध्ये आलेल्या ‘ज्यूनिपर’ या पूर्वकथेत आणखी एक गोष्ट उघड होते. ज्यूनिपर ही कॉर्नवॉलच्या राजाची मुलगी. वाचून मला वाईट वाटले. बाईने विद्या मिळवावी तर तिच्या रक्तात आधी राज्य असायलाच हवे का? पण त्याच पुस्तकात यूनी आहे, ज्यूनिपरची गुरू : गरीब, तुसडी, राजकन्येला अर्धपोटी ठेवून राबवणारी. तिच्यापुढे ज्यूनिपरसुद्धा फिकी पडते. (तिसरा भाग, ‘कोलमन’, लेखिकेच्या निधनानंतर २००४ मध्ये आला. तो पहिल्या दोहोंच्या तोडीचा नाही.)

ज्यूनिपरचा विरोधक फादर फिलन हा धर्मगुरू आहे, एवढ्यावरून ही कादंबरी धर्मविरोधी ठरवणे चूक होईल. फर्लाँग स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरुपद मिळावे म्हणून चाललेल्या चळवळीचे नेतृत्व त्यांनी १९८२ ते १९८५ या काळात केले. ते पद स्त्रियांना प्रत्यक्ष मिळाले १९९४ मध्ये. ‘वाइज चाइल्ड’ या दोहोंच्या मधल्या काळातली. ज्या घराचे दार आपल्यासाठी उघडावे म्हणून बाई भांडते त्या घराचा तिला तिरस्कार नसतो. दाराची व्युत्पत्ती त्यांनी दोरान या शब्दाला का जोडली असावी, याचा अंदाज इथे येतो.

अनुवादाच्या तासाला मी यातील एक उतारा दिला होता. बहुतेकांनी ‘दोरान’ तसाच ठेवला, दोघातिघांनी ‘हकीम’ लिहून क्रियापदे स्त्रीलिंगी केली. एकीने ‘दारवाली’ असे लिहिले होते. मी त्यावर लाल रेघ मारली. ती मारायला नको होती असे आता वाटते.