अनुदान, वर्गणी आणि वाचक : पैठणच्या संदर्भात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याची चिकित्सा

प्रास्ताविक :

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून या कायद्याचा परिचय बहुधा त्याच्या यंत्रणेच्या अंगाने करून दिला जातो. राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय संचालनालय, जिल्हा ग्रंथालय समिती, ग्रंथालय निधी अशी उतरंड सांगितली की कायदा सांगून झाला, असे मानले जाते. परंतु कायदा हीही एक संहिता असते. तिच्यामागे समाजाचे एक चित्र गृहीत धरलेले असते आणि ते कोणत्या प्रदेशातून घेतलेले आहे, हा समीक्षेचा विषय होऊ शकतो. प्रस्तुत लेखात ही संहिता पैठणच्या भूमीवर ठेवून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. पैठणची निवड नाथभक्तीपोटी केलेली नाही. ग्रंथव्यवहाराला आश्रय कोण देतो आणि त्या आश्रयातून कोण वगळले जाते, हा प्रश्न या गावात जितका जुना आहे तितका तो महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल.

पोथीचा आश्रय :

शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांच्या नकलांमुळे या ग्रंथात पाठभेद शिरले होते. ते तपासून एक विश्वसनीय प्रत तयार करणे आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये असे बजावून ठेवणे, हे मराठीतील संहितासंपादनाचे आद्य उदाहरण मानले जाते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये नाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केल्यानंतर नाथांच्या पाठाविषयी बराच वाद झाला. त्या वादाचा तपशील येथे अप्रस्तुत आहे. येथे महत्त्वाचे आहे ते एवढेच की संपादनासाठी अनेक प्रती गोळा कराव्या लागतात आणि त्या उपलब्ध होण्यासाठी कुणीतरी त्या सांभाळलेल्या असाव्या लागतात. देवघर, मठ, देवस्थानची इनाम जमीन, नकलकाराला दिलेले धान्य व वस्त्र या साऱ्यांतून तो सांभाळ झाला. त्याला ग्रंथालय म्हणता येणार नाही, पण ग्रंथाश्रयाची एक अर्थव्यवस्था निश्चितच म्हणता येईल.

या अर्थव्यवस्थेचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांकडून दुर्लक्षिले गेले आहे. गाव पोथीवर फारसा खर्च करीत नसे. गाव खर्च करीत असे तो पुराणिकावर आणि कीर्तनकारावर. शिधा, बिदागी, चातुर्मासातील वर्षासन हे सारे वाचून दाखवणाऱ्या माणसासाठी होते. एक पोथी, एक वाचणारा आणि शंभर ऐकणारे असे ते गणित होते. निरक्षर श्रोत्यापर्यंत ग्रंथ पोहोचवणारा मनुष्य हाच त्या व्यवस्थेचा कणा होता आणि त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी समूहाने स्वीकारलेली होती. आजची अनुदानव्यवस्था मुख्यतः संग्रह मोजते. ग्रंथ किती, नियतकालिके किती, कपाटे किती हे तीत पाहिले जाते, आणि ग्रंथ वाचकाच्या हाती देणाऱ्या माणसाला मात्र त्यात शेवटचे स्थान मिळते. हा उलटफेर पुढे अधिक स्पष्ट होईल.

अर्थात जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ज्या पैठणात ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी यावे लागले अशी कथा सांगितली जाते, त्याच पैठणच्या धर्मपीठाने कोणी काय वाचावे व ऐकावे हेही ठरवले. देवळाच्या ओसरीवरचे श्रवण सर्वांना सारखे खुले नव्हते. नाथांच्या भारुडांचे आणि त्यांच्या चरित्रातील समतेच्या प्रसंगांचे मोल आहे ते याच पार्श्वभूमीवर. महानुभाव पंथाने तर आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके झाकून ठेवले. ग्रंथ टिकले, पण ते पंथाच्या कुंपणात टिकले. म्हणूनच जात, पंथ व ऐपत न पाहता ग्रंथ हाती देणारे सार्वजनिक ग्रंथालय ही कल्पना पैठणसारख्या गावासाठी केवळ सोयीची बाब ठरत नाही. ती एका सामाजिक न्यायाची बाब ठरते. मराठवाड्यात १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय उभारले. या प्रदेशातील वंचित समाजाला ग्रंथापर्यंत नेणारी खरी वाट तेथून रुंद झाली, आणि ती धर्मपीठाकडून वा देवस्थानाकडून आलेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कायद्याचे गृहीत :

१९६७ च्या कायद्याने ग्रंथालये चालवण्याची जबाबदारी मुख्यतः नोंदणीकृत संस्थांवर ठेवली. लोकांनी एकत्र यावे, संस्था स्थापावी, वर्गणी जमवावी, ग्रंथ घ्यावेत. शासन त्यांना मान्यता देईल व परिरक्षण अनुदान देईल, असा त्याचा गाभा आहे. त्यास अनुसरून १९७० मध्ये नियम झाले व ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली. मान्य खर्चाचा ९० टक्के भाग, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत, शासनाने द्यावा आणि उर्वरित १० टक्के संस्थेने स्वतः उभारावा, अशी योजना आहे.

हे चित्र कोठून आले? रत्नागिरीत १८२८ मध्ये ग्रंथालय स्थापन झाले होते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. शिक्षित, नोकरदार, सार्वजनिक कार्याची सवय असलेला आणि वर्षाची वर्गणी न चुकता भरणारा वर्ग या गावांत दोन-तीन पिढ्यांपासून होता. त्याच्या उत्साहाला शासनाने आधार द्यावा, ही अपेक्षा तेथे रास्तच होती. मराठवाड्याची स्थिती वेगळी होती. निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर निर्बंध घालणारे गश्ती निशाण ५३ होते. शिक्षणाची आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठी वाचनालय काढणे हेच सत्तेच्या दृष्टीने संशयास्पद कृत्य ठरू शकत होते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने ग्रंथालय कायदा केला आणि १९५६ मध्ये ते राज्यच उरले नाही. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे १९६७ च्या कायद्याने ज्या संस्थात्मक पूर्वसंचिताला आधार देण्याचे ठरवले, ते संचित साठवण्याची संधीच या प्रदेशाला मिळालेली नव्हती. ज्याच्याजवळ आधी काही आहे त्याला पूरक साहाय्य, हे तत्त्व असमान प्रदेशांना समानपणे लावले की विषमताच टिकून राहते.

पैठणपुरते पाहिले तर याला आणखी एक पदर आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये बसली आणि १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. म्हणजे ग्रंथालय कायदा व त्याचे नियम ज्या दशकात आकार घेत होते, त्याच दशकात गोदाकाठची गावे नाथसागराखाली जात होती आणि हजारो कुटुंबे नव्या गावठाणांत घर मांडत होती. त्या वसाहतींना नोंदणीकृत संस्था स्थापून वर्गणीदार जमवा असे सांगणे व्यवहारात निरर्थकच होते. पैठणी विणणारे मागकरी, पुढे औद्योगिक वसाहतीत आलेले कामगार, शेतमजूर स्त्रिया या कोणाच्याही दिनक्रमात वर्गणीदार ही कायद्याची व्यक्तिरेखा बसत नाही. यातील कोणी वाचत नाही असे अनुमान मात्र काढता येणार नाही. नाथषष्ठीला येणाऱ्या दिंड्यांतील माणसे ग्रंथापासून दूर नाहीत. ती संस्थेपासून दूर आहेत.

आकड्यांची भाषा :

अधिनियमात ग्रंथालय निधीसाठी राज्य शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये द्यावेत अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात शासनाचा खर्च या रकमेच्या कितीतरी पुढे गेला, हे खरे. परंतु कायद्यात रुपयांचा आकडा लिहिणे आणि महसुलाचे प्रमाण न लिहिणे यात एक धोरण दडलेले आहे. प्रमाण लिहिले असते तर राज्याची तिजोरी वाढेल तसा ग्रंथालयांचा वाटा हक्काने वाढला असता. आकडा लिहिल्यामुळे प्रत्येक वाढ ही कृपा ठरली. ती मागावी लागते, तिच्यासाठी मोर्चे काढावे लागतात आणि ती मिळाल्यावर सत्कार करावा लागतो.

ड वर्गातील ग्रंथालयाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०१२ च्या वाढीनंतर अशा ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत. अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर व निम्मा वेतनेतर बाबींवर, या विभागणीनुसार ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला १,२५० रुपये येत. २०२२-२३ मध्ये ६० टक्क्यांची वाढ झाल्यानंतर वार्षिक अनुदान ४८,००० वर गेले आणि हा वाटा २,००० झाला. मधली दहा वर्षे महागाई थांबलेली नव्हती. अनुदान हप्त्यांनी येते, हप्ता लांबतो, आणि तोवर वृत्तपत्रवाल्याचे देणे कार्यवाहाने खिशातून भागवायचे. व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशी आणि सेवकांची वेतनश्रेणी हे विषय ग्रंथालय संघाच्या अधिवेशनांतून इतक्या वेळा मांडले गेले आहेत की त्यांचा उच्चार आता उपचारासारखा होतो. गावातल्या पुराणिकाचे वर्षासन आणि ग्रंथपालाचे हे मानधन यांची तुलना सरळ करता येणार नाही; पण पोथी वाचून दाखवणारा उपाशी राहू नये एवढी जाणीव सोळाव्या शतकातील गावालाही होती.

मे २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ग्रंथालये केवळ कागदावर असल्याचे व अनेक ग्रंथालये निकषांत न बसणारी असल्याचे आढळले. ही तपासणी आवश्यकच होती, आणि संस्थाचालकांनी त्याबद्दल केवळ शासनाला दोष देणे प्रामाणिकपणाचे नाही. तथापि त्यानंतर कित्येक वर्षे नवीन मान्यता व वर्गवाढ थांबली, तेव्हा शिक्षा झाली ती ज्या गावांत ग्रंथालय कधी नव्हतेच त्यांना. ज्यांनी गैरव्यवहार केला त्यांच्या गावात निदान एक फलक तरी होता.

कराचा प्रश्न :

देशातील पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. पुढे मद्रासने १९४८ मध्ये, कर्नाटकाने १९६५ मध्ये व केरळने १९८९ मध्ये ग्रंथालय उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राने ती टाळली. करवाढीला जनता राजी नसते, हे कारण सांगितले जाते. परंतु याच राज्याने १९६२ मध्ये शिक्षण उपकराचा कायदा केला आणि पुढे रोजगार हमीसाठीही कर बसवला. तेव्हा उपकराला तत्त्वतः विरोध होता असे म्हणता येत नाही. ग्रंथालय ही त्या योग्यतेची गरज मानली गेली नाही, एवढेच म्हणता येते.

येथे उपकराच्या समर्थकांनाही एक प्रश्न विचारावा लागेल. उपकर मालमत्ताकरावर बसतो. पैठण नगरपरिषदेच्या हद्दीत जमणारी रक्कम आणि मुंबई वा पुण्यात जमणारी रक्कम यांत महदंतर असणार. जमेल तेथेच खर्च करावा असा नियम झाला, तर उपकरामुळे श्रीमंत शहरांची ग्रंथालये अधिक श्रीमंत होतील. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० नंतर जी पद्धत घातली ती या दृष्टीने अधिक विचारार्ह वाटते. खर्चाचा एक भाग गावाने, एक स्थानिक मंडळाने व एक दरबाराने द्यावा, अशी ती त्रिपदी होती. तीत गाव, मंडळ आणि दरबार तिघेही बांधलेले होते. आपल्या व्यवस्थेत मधला पायच नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत ग्रंथालये हा विषय पंचायतींच्या कक्षेत घातला. नगरपरिषदांच्या कायद्यात तो ऐच्छिक कर्तव्यांत मोडतो. ऐच्छिक कर्तव्य म्हणजे अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापले जाणारे कर्तव्य, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीच्या मोजणीतही ग्रंथालय हे स्वतंत्र क्षेत्र नव्हते. जे मोजले गेले नाही, त्याचा अनुशेष मागता येत नाही.

इमारत आणि संस्था :

पैठणच्या संतपीठाची कथा या चर्चेत टाळता येणार नाही. १९८१ मध्ये त्याची घोषणा झाली. त्यानंतर अनेक सरकारे आली, इमारत उभी राहिली आणि दीर्घकाळ रिकामी राहिली. विद्यापीठाच्या साहाय्याने अभ्यासक्रम सुरू होण्यास २०२१ उजाडले. चाळीस वर्षे गेली ती पैशांच्या अभावी गेली, असे सरसकट म्हणता येणार नाही; कारण बांधकामाला पैसा मिळालेला होता. मिळाला नाही तो अध्यापक, ग्रंथपाल, संग्रह, दिवाबत्ती यांना दरवर्षी लागणारा. अँड्र्यू कार्नेगी गावांना ग्रंथालयाच्या इमारती देत असे तेव्हा एक अट घालत असे : जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या १० टक्के इतकी रक्कम दरवर्षी चालू खर्चासाठी करातून देण्याचे बांधून घ्यावे. अट कठोर होती आणि काही गावांनी तिच्यामुळे देणगीच नाकारली. तथापि रिकामी इमारत ही कोणती गोष्ट असते, हे त्या पोलादसम्राटाला नेमके कळले होते.

याच गावात बाळासाहेब पाटील यांनी आयुष्यभर पुरावस्तू जमवल्या. सातवाहनकालीन प्रतिष्ठानच्या खुणा असलेला तो संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. एका व्यक्तीच्या ध्यासाची जबाबदारी राज्याने स्वतःकडे घेतली, ही गोष्ट उचितच झाली. नाणी, मृण्मय मूर्ती व मणी यांच्याबाबत जे राज्य हे करू शकते, तेच राज्य पुस्तकांबाबत संस्थेने आपले १० टक्के आधी दाखवावेत असे म्हणते. घटनेच्या राज्यसूचीत ग्रंथालये व संग्रहालये एकाच नोंदीत शेजारी शेजारी आहेत.

आज पैठणसारख्या तालुक्याच्या गावी ग्रंथालयाच्या दारात सकाळी जो मुलगा उभा असतो, तो बहुधा कादंबरी मागत नाही. तो स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी टेबल, पंखा व शांतता मागतो. घरात चार माणसांत एक खोली असलेल्या मुलीला तीच मागणी अधिक निकडीने करावी लागते, आणि संध्याकाळी सातनंतर ग्रंथालय उघडे असेल की नाही यावर तिचे येणे अवलंबून असते. अभ्यासिका हे ग्रंथालयाचे अवमूल्यन आहे, अशी तक्रार जुन्या वाचकांकडून ऐकू येते. वर्गवारीच्या तक्त्यात ग्रंथ मोजले जातात, वर्गणीदार मोजले जातात. ग्रंथ घरी न नेता सहा तास बसून गेलेली ही मुलगी त्या तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.